चंदीगड खुर्ची दोन वर्षं वापरल्यावर, आणि जिच्यामुळे ती घेतली ती एमी सीगलची फिल्म

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याच्या घरात दोन चंदीगड खुर्च्या घेतल्या. सागवानी, हात असलेल्या, बैठकीला आणि पाठीला वेताची जाळी, बाजूने बघितलं तर पाय उलट्या व्ही सारखे. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो की कुठून घेतल्या, केवढ्याला पडल्या, बसायला बऱ्या आहेत का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं. पण खुर्चीबद्दल सांगायचं तर आधी एका फिल्मबद्दल सांगावं लागेल, कारण ती बघितली नसती तर मी या खुर्चीकडे दुसऱ्यांदा वळूनही बघितलं नसतं.

2014 साली आम्ही न्यू जर्सीत होतो, एडिसनला. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये गेलो, मुलगी लहान होती, तिला इजिप्तचं देऊळ बघायचं होतं, ते बघून झालं आणि सगळ्यांचे पाय दुखायला लागले म्हणून एका अंधाऱ्या खोलीत बाक दिसला तिथे जाऊन बसलो. समोर एक फिल्म चालू होती. नाव 'प्रोव्हेनन्स', म्हणजे एखादी वस्तू कुठून आली, कोणाकोणाच्या हातातून गेली त्याचा माग. बनवणारी एमी सीगल, अमेरिकन आर्टिस्ट, फिल्म 2013 ची, साधारण चाळीस मिनिटांची. निवेदन नाही, कोणी काही समजावून सांगत नाही, कॅमेरा फक्त संथपणे सरकत राहतो. श्रीमंतांची घरं दिसतात, न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, अँटवर्प, पांढऱ्या भिंती, मोठमोठी पेंटिंग्ज, एक तर चक्क यॉट आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तीच खुर्ची. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, अरे ही तर बाबांच्या ऑफिसातल्या खुर्चीसारखी आहे.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या ऑफिसातली खुर्ची काही चंदीगडची नव्हती, पण बैठकीला वेत, पाठीला वेत, आणि मागच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला नंबर, तो तसाच. सरकारी ऑफिसात ज्याने लहानपणी वडिलांची वाट बघत दुपार काढलीय त्याला मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

तर फिल्म मागे मागे जाते. घरांमधून ऑक्शन हाऊसमध्ये, तिथून त्या खुर्च्यांचे कॅटलॉगसाठी फोटो काढतात तिथे, मग जिथे त्या घासूनपुसून पॉलिश करतात, नवीन कापड चढवतात त्या वर्कशॉपमध्ये, मग कंटेनर, जहाज, भारतातलं बंदर, आणि शेवटी चंदीगड. तिथे त्याच खुर्च्या सरकारी ऑफिसांत आहेत, काहींवर लोक बसून कामं करतायत, आणि काही गच्चीवर एकावर एक रचून ठेवल्यात, पाय तुटलेल्या, वेत फाटलेल्या, ऊन खात पडलेल्या. तेवढं बघितल्यावर मी जागची हलले नाही. मुलगी झोपून गेली होती म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून अख्खी बघितली. दुसऱ्यांदा बघताना ती सुरुवातीची श्रीमंत घरं वेगळीच दिसतात, कारण आता तुम्हाला माहीत असतं की ही खुर्ची कुठल्या गच्चीवरून उचललीय.

थोडा इतिहास सांगते, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडा. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं, पंजाबला राजधानीच उरली नाही, म्हणून नवीन शहर वसवायचं ठरलं. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी या आर्किटेक्टांचा, नोविकी 1950 मध्ये विमान अपघातात गेला, मग फ्रान्समधला नावाजलेला आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए आला आणि सोबत त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, तोही आर्किटेक्ट. कॉर्ब्युझिए येऊन जाऊन असायचा, जानरे मात्र 1951 पासून 1965 पर्यंत तिथेच राहिला. एवढ्या सगळ्या ऑफिसांना, कोर्टाला, कॉलेजांना, लायब्रऱ्यांना बसायला काहीतरी लागणारच, तेही स्वस्तात आणि हजारोंच्या संख्येत, म्हणून इथलं सागवान नाहीतर शिसम, इथला वेत आणि इथलेच सुतार असा हिशोब करून जानरेच्या देखरेखीखाली या खुर्च्या झाल्या. एकाच साच्यातून काढलेल्या नव्हत्या, वेगवेगळ्या सुतारांकडे काम दिलेलं, त्यामुळे एकीचा पाय जरा जाड, दुसरीची पाठ जरा जास्त कललेली, असे फरक त्यांच्यात असतात. पुढे त्या जुन्या झाल्या, स्टीलची कपाटं आणि रेक्झिनच्या खुर्च्या आल्या, आणि सरकारी पद्धतीने जे होतं ते झालं. बाबांच्या भाषेत निर्लेखन. डेडस्टॉक रजिस्टरातून, म्हणजे ऑफिसातल्या सामानाच्या नोंदवहीतून, नाव कमी करायचं आणि लिलाव. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी परदेशी डीलर आले, भंगाराच्या भावात रीतसर सरकारी लिलावातून माल उचलला, आणि नंतर तोच माल पॅरिस आणि न्यूयॉर्कला लाखांत जायला लागला. शहराचा नकाशा कोरलेली गटाराची लोखंडी झाकणंसुद्धा लिलावात गेलीत! 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने हे फर्निचर विकायला आणि बाहेर न्यायला बंदी घातली, मग मोजदाद झाली, 12,793 वस्तूंची यादी तयार झाली. पण बाहेर गेलेलं परत आणणं कठीण, कारण आपल्या 1972 च्या पुराणवस्तू कायद्यात वस्तू शंभर वर्षांची असावी लागते आणि या खुर्च्या साठ-सत्तर वर्षांच्या.

मला सीगलचं सगळ्यात जास्त काय आवडलं तर तिने कोणालाच खलनायक केलेलं नाही. डीलर वाईट, सरकार बावळट असलं काही म्हणत नाही ती, फक्त क्रम उलटा लावते. आणि पुढे तर तिने स्वतःची फिल्मच लिलावात काढली, लंडनला क्रिस्टीज या ऑक्शन हाऊसमध्ये, 19 ऑक्टोबर 2013 ला, आणि तो लिलाव शूट करून त्याची दुसरी फिल्म केली, 'लॉट 248'. म्हणजे ज्या रस्त्याने खुर्ची गेली त्याच रस्त्याने फिल्मही पाठवली. काहीजण याला चलाखी म्हणतात, मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण त्या बाजारात आपणही उभे आहोत हे तिने लपवलं नाही. तिची बाकीची कामंही याच वाटेवरची आहेत. 'क्वारी' मध्ये व्हरमाँटच्या डोंगराच्या पोटातल्या संगमरवराच्या खाणीतून निघून मॅनहॅटनच्या महागड्या फ्लॅटपर्यंत जाते. 'डबल निगेटिव्ह' मध्ये पॅरिसजवळची कॉर्ब्युझिएची पांढरी व्हिला साव्हॉय आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेराला तिची काळ्या रंगात बांधलेली नक्कल, दोन्ही निगेटिव्हमध्ये शेजारी शेजारी दाखवते, त्यामुळे पांढरी काळी दिसते आणि काळी पांढरी, आणि ती काळी इमारत आदिवासींच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची आहे हे कळलं की त्या रंगाला वेगळंच वजन येतं. ती मी पूर्ण पाहिलेली नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. कुठे दाखवत असतील तर 'प्रोव्हेनन्स' आधी बघा.

या शहरावर काम केलेल्या भारतीयांची नावं मात्र त्या फिल्ममध्ये नाहीत, आणि ती मला नंतर चंदीगडला जाऊन कळली. 2019 मध्ये आम्ही तिकडे गेलो होतो. सेक्टर 5 मध्ये घर नंबर 57, जानरे जिथे राहायचा ते घर आता म्युझियम आहे, तिथे जरूर जा, गर्दी अजिबात नव्हती आणि घर फार गोड आहे, विटांची जाळीदार भिंत, आत बांबूचं आणि दोरीचं फर्निचर. त्याच्या अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे सुखना तलावात सोडल्या, हेही तिथेच कळलं. कॅपिटॉल कॉम्प्लेक्सची, म्हणजे विधानसभा, सचिवालय आणि हायकोर्टाच्या इमारतींची, गाइडसोबतची टूर केली, ओळखपत्र जवळ ठेवा, नाहीतर परत फिरावं लागेल. आणि कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम केलेल्या भारतीय आर्किटेक्टांची यादी वाचली तेव्हा थबकले. एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, बी. पी. माथुर, जीत मल्होत्रा, युली चौधरी, आपल्या मुंबईचे पिलू मोदी जे पुढे खासदार झाले, आणि ए. आर. प्रभावळकर, जे. एस. देठे. प्रभावळकर आणि देठे! शाळेत चंदीगड म्हटलं की ल कॉर्ब्युझिए एवढं एकच नाव पाठ केलेलं, ही आडनावं कोणी कधी सांगितलीच नाहीत. युली चौधरींनी तर फर्निचरवर स्वतः काम केलंय, पुढे त्या हरियाणा आणि पंजाब दोन्हीकडे चीफ आर्किटेक्ट होत्या, पण लिलावाच्या कॅटलॉगात मोठ्या अक्षरात नाव येतं ते जानरेचं. जानरेचं नाव यायलाच हवं, तो माणूस त्या शहरात राहिला, रुजला. पण एकट्याचं नको.

आता खुर्ची.

ओरिजिनल घ्यायचा प्रश्नच नव्हता, परवडतही नाही आणि घ्यावीशी वाटतही नाही. नव्याने बनवणारे भारतात आता बरेच आहेत. बंगळूरचं फँटम हँड्स फार मन लावून बनवतं असं आर्किटेक्ट मैत्रीण सांगते, इटलीची कसिना ही फर्निचर कंपनीही 2019 पासून बनवते, पण दोन्ही आमच्या बजेटच्या बाहेर. आम्ही इन्स्टाग्रामवर बघून एका छोट्या वर्कशॉपकडून मागवल्या, एकीला साडेसतरा हजार, ट्रान्सपोर्ट वेगळा. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण शेवटी आमचं मिटलं. पण काय झालं ते सांगते म्हणजे तुम्ही आधीच विचारून घ्याल.

पहिली गोष्ट नंबरची. ऑर्डर देताना त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात अक्षरं आणि आकडे, मुद्दाम जुनाट दिसतील असे खरवडलेले, म्हणे दोन हजार जास्त द्या, एकदम ओरिजिनल वाटेल. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं. तो नंबर म्हणजे डिझाइन नव्हे हो. कुठल्यातरी क्लार्कने डेडस्टॉक रजिस्टर उघडून, ही खुर्ची अमुक खोलीतली, अमुक नंबरची, हरवली तर मला जाब द्यावा लागेल, म्हणून तो रंगवलेला असतो. परदेशातले डीलर आता त्या नंबरालाच खरेपणाचा पुरावा मानतात, म्हणून नक्कल करणारे नंबरही नक्कल करतात. मी स्वच्छ नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, वेताची. बोलणं झालं होतं हाताने विणलेल्या जाळीचं. खुर्च्या आल्या, दिसायला सुंदर, दोन दिवस कौतुक चाललं, मग फरशी पुसताना एक आडवी केली आणि लक्षात आलं की बैठकीच्या चौकटीला खालून भोकंच नाहीत. हाताने विणलेल्या बैठकीत चौकटीला ओळीने भोकं असतात, वेताची पट्टी त्यातून खाली जाते, शेजारच्या भोकातून वर येते. आमच्या खुर्चीत मशीनवर विणलेला तयार तागा कापून, चौकटीत खाच पाडून, त्यात गोंदाने आणि वरून एक पट्टी ठोकून बसवला होता. वरून बघितलं तर नव्वद टक्के लोकांना कळणार नाही. पण पहिल्याच पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत एका खुर्चीची ती पट्टी एका कोपऱ्यातून सुटली, जाळी खाली लोंबायला लागली आणि ऑगस्टपर्यंत बसणं बंद. वर्कशॉपशी महिनाभर फोनाफोनी, आधी म्हणाले तुम्ही वापर जास्त केला, मग म्हणाले आमच्याकडे सगळे असंच करतात, शेवटी एका खुर्चीच्या वेताचे पैसे परत दिले आणि म्हणाले तुमच्याकडे करून घ्या.

आणि ते फार बरं झालं, कारण त्यामुळे काका भेटले.

बाबांच्या ऑफिसात दरवर्षी एक अंध गृहस्थ यायचे खुर्च्या विणायला, व्हरांड्यात बसायचे, आजूबाजूला दहा-बारा खुर्च्यांचे सांगाडे. अंध शाळांमधून हे काम पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलंय आणि सरकारी ऑफिसांतल्या, रेल्वेतल्या कितीतरी खुर्च्या याच हातांनी विणल्यात. मी शोधाशोध केली, ओळखीतून ओळख काढत एका काकांपर्यंत पोचले, वय सत्तरच्या आसपास, जन्मापासून दृष्टी नाही, चाळीस वर्षं हेच काम. ते आमच्या बाल्कनीत दोन दिवस बसले. आधी सुताराला बोलावून खाच बुजवून अर्ध्या इंचावर भोकं पाडून घेतली, काकांनी प्रत्येक भोकावरून अंगठा फिरवला आणि दोन भोकं तिरकी आहेत म्हणून सुताराला परत बोलवायला लावलं. आम्ही डोळ्यांनी बघून ओके म्हटलं होतं!

मग वेत बादलीत भिजत घातला. पट्टीला एक गुळगुळीत बाजू असते आणि एक खरखरीत, गुळगुळीत वर ठेवायची, ती ते बोटाने क्षणात ओळखायचे. आधी उभे पदर, मग आडवे, मग परत उभे, परत आडवे आणि त्यात हे विणत जायचं, मग दोन्हीकडून तिरपे, की मध्ये ती अष्टकोनी भोकं तयार होतात. पदर ताणलेला राहावा म्हणून भोकात लाकडाची छोटी खुंटी ठोकतात, पुढचा पदर झाला की ती काढून पुढच्या भोकात. तिरपा पदर घालताना तो चुकून वरून जायच्या ऐवजी खालून गेला तर घासतो, अडखळतो, बरोबर गेला तर सुळकन सरकतो, म्हणून ते म्हणाले की डोळ्याने विणणारे चुकतात, हाताला चूक लगेच कळते. शेवटी कडेने जाड पट्टी बांधून भोकं झाकली. मजुरी आणि वेत मिळून तीन हजार झाले, त्यांनी कमीच मागितले होते. विणून झाल्यावर खुर्ची उलटी करून चौकटीच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने तारीख आणि त्यांचं नाव लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, एवढ्या खुर्च्या विणल्या, नाव कोणी लिहिलं नव्हतं. नाव इथे देत नाही, तशी परवानगी मागितलेली नाही.

आता वापराबद्दल. बैठक रुंद आणि जरा खाली आहे, पाठ मागे कललेली, त्यामुळे वाचायला, चहा घ्यायला, फोनवर तासभर बोलायला अप्रतिम. उन्हाळ्यात खालून हवा खेळते, पाठीला घाम येत नाही, हे सुख गादीच्या खुर्चीत नाही. लॅपटॉपवर दिवसभर काम करायला मात्र घेऊ नका, पुढे वाकून बसावं लागतं आणि कंबर धरते. डायनिंग टेबलला घ्यायच्या असतील तर आधी हातांची उंची मोजा, आमच्या टेबलाखाली हात जात नाहीत. वजन बरंच आहे, आईला एकटीला उचलवत नाही. मांड्यांवर जाळीचे ठसे उठतात, पातळ उशी टाकली की झालं. सागवान चांगलं निघालं, दोन वर्षांत कुठे फट नाही, सांधे घट्ट आहेत, हे वर्कशॉपला मान्य करायलाच हवं. फक्त रोज ओलं पोछा लागून पायांची टोकं पांढरट पडतात, रबरी बूट लावून घ्या. वेत उन्हात ठेवू नका, कडक होऊन तुटतो. बैठक सैल वाटली तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून रात्रभर सुकू द्या, परत ताणून बसते, हे काकांनीच सांगितलं. आणि गुडघा टेकवून कधीच चढू नका, जाळी सगळ्यात जास्त त्यानेच फाटते.

घेणार असाल तर दुकानदाराला एवढंच विचारा की बैठक उलटी करून फोटो पाठवा. भोकं दिसली तर हाताची, नाही दिसली तर तागा, मग भाव त्याप्रमाणे करा. साडेसतरा हजारात तागा घेणं मला तरी पटत नाही, दहा-बाराला मिळाला तर ठीक. आणि आपल्या गावात वेत विणणारं कोण आहे ते खुर्ची घ्यायच्या आधी शोधून ठेवा, अंध शाळेत किंवा त्यांच्या संस्थेत चौकशी केली तर नक्की कोणीतरी सापडतं.

आमची दुसरी खुर्ची अजून ताग्याचीच आहे, या पावसाळ्यात तिचाही कोपरा उचलायला लागलाय. दिवाळीआधी काकांना वेळ आहे म्हणालेत, भोकं यावेळी सुताराकडून त्यांच्यासमोरच पाडून घ्यायची ठरलंय.